टेम्पीचं रक्त

मार्व्हाचा फोन आला की माझा नवरा ल्यूशस उठून अंगणात जायचा. पुढचा तासभर मी "हो गं" आणि "अगं पण" यापलीकडे काही बोलणार नाही आणि फोन ठेवल्यावर सगळा राग त्याच्यावर काढणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक झालं होतं.

मार्व्हा माझी चुलत बहीण. तिचे वडील तरुणपणीच नॉर्थ कॅरोलायनातलं आमचं टार्प्ली गाव सोडून फिलाडेल्फियाला गेले आणि तिथलेच झाले. मार्व्हा तिथे शाळेची मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त. हाताशी रिकामा वेळ आणि अंगात हुकूम सोडायची सवय. ही दोन एकत्र आली की नातेवाइकांचं काय होतं ते मी तीन वर्षं भोगलं. तिने ठरवलं की आमच्या खापरपणजीचा, मदर टेम्पीचा, इतिहास शोधून काढायचा. ठरवलं तिने. शोधायचा मात्र मी, कारण मी गावात राहते.

आम्ही सगळे बुलक घराण्यातले, टेम्पीपासूनचे. ती गुलामगिरीत जन्मली, उत्तर-दक्षिणेची लढाई संपल्यावर सुटली, टार्प्लीच्या फाट्यावर तिने दोन खोल्यांचं घर उभं केलं आणि गॅस्टन नावाचा एकुलता एक मुलगा वाढवला. गॅस्टनला पुढे भरपूर मुलं झाली आणि त्यांच्यापासून ही सगळी वेल पसरली. दर जुलैत आम्ही चर्चच्या मागच्या मैदानात जमतो. गाड्या लावायला जागा पुरत नाही.

एवढी माहिती मला पुरेशी होती. मार्व्हाला नव्हती. तिला टेम्पीचा बाप हवा होता, आई हवी होती, नवरा हवा होता, आणि गॅस्टनचा बाप तर हवाच हवा होता.

१८७० च्या शिरगणतीत टेम्पी सापडते. टेम्पी बुलक, वय बत्तीस. गॅस्टन, वय दहा. त्याच्यामागे गेलं की भिंत. त्याआधी आमच्या माणसांची नावं लिहायची पद्धतच नव्हती. मालकाच्या नावाखाली नुसत्या ओळी: बाई, बावीस, काळी. बाई, एकोणीस, काळी. मुलगा, सहा, काळा. माझ्या आजोबांच्या गोठ्यात गाईंना नावं होती.

"त्यातली टेम्पी कोणती?" मार्व्हाने फोनवर विचारलं.

"मला काय माहीत? हात वर कर म्हणून सांगू का तिला?"

"अर्लीन, तू मनावर घेत नाहीस."

मी मनावर घेत नाही! उन्हाळाभर मी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले होते. तिथली मुलगी दर वेळी नव्याने विचारायची की मला नक्की काय हवंय, आणि मी दर वेळी नव्याने सांगायची. मालकाच्या वंशातली एक बाई शोधून काढली, तिला फोन केला. ती इतकी गोड बोलली की माझी दाढ दुखायला लागली. म्हणाली, आमच्याकडे तुमच्या लोकांना अगदी घरच्यासारखं वागवायचे हो. मी विचारलं, घरच्यांपैकी कोणाकोणाला विकलं होतं? त्यानंतर त्या बाई कधी घरी सापडल्या नाहीत.

नातेवाइकांचं तर विचारूच नका. प्रत्येकाकडे एकेक टेम्पी होती. एका काकांच्या मते ती चेरोकी आदिवासींची राजकन्या. दुसऱ्यांच्या मते ती व्हर्जिनियाहून नदी पोहून आली. मधल्या नद्या किती, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. तिसऱ्या एका भावाने तिचा फोटो म्हणून जो पाठवला तो त्याच्या बायकोच्या आजीचा निघाला.

जिला खरं काही ठाऊक असण्याची शक्यता होती अशी एकच व्यक्ती उरली होती: ओझेला आत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली. गॅस्टन तिचा सख्खा आजोबा. तो म्हातारपणी आंधळा झाला तेव्हा ही दहा-अकरा वर्षांची पोर त्याच्या दिमतीला होती. म्हणजे टेम्पीला पाहिलेल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलेली ती आमच्यात शेवटची.

आणि तिच्या तोंडाला कुलूप. मी विषय काढला की तिला ऐकू येईनासं व्हायचं. एरवी स्वयंपाकघरात मी बशी हळूच ठेवली तरी बाहेरून ओरडायची की टवका उडाला का बघ. कधी म्हणायची, मला दाताच्या डॉक्टरकडे ने, मग सांगते. मी नेलं. परत येताना म्हणायची, आता तोंड बधिर आहे. कधी म्हणायची, त्या अमक्या दुकानातलं तिखट सॉसेज आण. मी तासभर गाडी हाकत जाऊन आणलं. तिने ते परतून खाल्लं, बोटं पुसली आणि म्हणाली, "मेलेल्यांना झोपू दे, पोरी. तुझी खिडकीची जाळी फाटलीये, ती शिव आधी."

तिसऱ्या वर्षी मार्व्हाने थुंकीची तपासणी काढली. नळीत थुंकायचं, नळी पाठवायची, आणि मग तुमचं रक्त कोणाकोणाशी जुळतं ते कळतं. मी थुंकले. ल्यूशस आमच्या घराण्यातला नाही म्हणून सुटला. आत्याने नळीकडे पाहिलं आणि सांगितलं, "माझी थुंकी माझ्या तोंडात बरी आहे."

मार्व्हाने बुलकांपैकी पाच-सहा जणांची तपासणी करवली आणि पेंडर लोकांपैकीही चौघांची. पेंडर म्हणजे टेम्पीची बहीण व्हायनी, तिची वंशावळ. दोघी बहिणी एकाच मालकाकडे होत्या, सुटकेनंतर फाट्यावर शेजारी शेजारी राहिल्या, आणि तेव्हापासून पेंडर आणि बुलक हे एकच घर. दर जुलैच्या मेळाव्याचं डुक्कर होझिया पेंडर भाजतो, त्याआधी त्याचा बाप भाजायचा. आदल्या संध्याकाळपासून निखाऱ्यांपाशी बसून, व्हिनेगर आणि लाल मिरचीचं पाणी शिंपडत. त्याच्या हातचं खाल्लेला माणूस दुसरीकडे जेवताना नुसता उसासे टाकतो.

मेळाव्याला पंधरवडा उरला असताना मार्व्हा फिलाडेल्फियाहून येऊन माझ्याच घरी उतरली. सोबत खोकी. खोक्यांत टी-शर्ट, जांभळे, छातीवर पिवळी अक्षरं: "मदर टेम्पीचं रक्त". कबरीवर बसवायचा दगडही तिने घडवायला टाकला होता. दगडावर हेच शब्द येणार होते.

तपासणीचे निकाल तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरले. मी मक्याची भाकरी ठेवायला जागा शोधत हातात तवा घेऊन उभी.

"हे बघ," ती म्हणाली. "एकाही पेंडरचं रक्त आपल्यापैकी एकाशीही जुळत नाही. एकाशीही. आपलं जुळतंय ते साउथ कॅरोलायनातल्या कुठल्या कुठल्या लोकांशी, ज्यांचं नावही आपण ऐकलेलं नाही."

"मग?"

"मग काय? पेंडर आपले नाहीत. व्हायनी टेम्पीची बहीण नव्हतीच. उगाच चिकटलेत शंभर-दीडशे वर्षं."

मी तिला म्हटलं, यंत्रं चुकतात, थांब जरा, आत्याशी बोलू. पण थांबणं तिच्या स्वभावात नाही. मी भाकरी कापेपर्यंत तिने होझियाला फोन लावलाही होता. त्याला तिने सगळं नीट समजावून सांगितलं, शाळेत पालकांना बोलावून सांगतात तसं. यंदापासून मेळावा फक्त टेम्पीच्या रक्ताच्या माणसांचा, तुम्ही पाहुणे म्हणून अवश्य या, असं म्हणाली. पाहुणे!

होझिया फार बोलणारा माणूस नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्याच्या आईला पुरताना टेम्पीच्याच रांगेत पुरलंय, तर तिला उचलून न्यायचं असेल तर आधी कळवा. आणि फोन ठेवला.

ल्यूशसने हे ऐकलं आणि तो पहिल्यांदाच या प्रकरणात बोलला. "मग डुक्कर कोण भाजणार?"

मी हसले नाही. मला त्या क्षणी मार्व्हाला तिच्या खोक्यांसकट बसमध्ये घालावंसं वाटत होतं. रविवारी चर्चमध्ये पेंडरांचा बाक रिकामा होता. टार्प्लीत बाक रिकामा राहिला की लोक कोण मेलं म्हणून विचारतात. मला सहा जणींनी विचारलं आणि सहाही जणींना काय सांगावं ते मला कळेना.

आत्याने मात्र कोण मेलं असं विचारलं नाही. ती त्या रिकाम्या बाकाकडे पाहत राहिली आणि पाद्रीबुवांचं प्रवचन चालू असतानाच मला कोपराने ढोसून म्हणाली, "होझिया कुठाय?"

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं. मार्व्हा शेजारीच होती, तिने तिची बाजू सांगितली. दगडावर काय कोरणार तेही मोठ्याने वाचून दाखवलं. आत्या काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती.

"दगड चूक आहे," ती म्हणाली.

"काय चूक आहे?"

"कबरीपाशी चला, मग सांगते. होझियालाही बोलवा. तो येत नसेल तर मीही येत नाही."

मार्व्हा म्हणाली, इथेच सांग ना. आत्याला ऐकू येईनासं झालं.

होझियाला आणायला ल्यूशस गेला. तो त्याच्याशी काय बोलला मला माहीत नाही, पण बुधवारी सकाळी होझिया आपल्या जुन्या ट्रकने आला, टोपी डोळ्यांवर ओढून. मार्व्हाकडे त्याने पाहिलं नाही.

ती जुनी दफनभूमी आता शिकाऱ्यांच्या एका मंडळाच्या मालकीच्या जंगलात आहे. फाटकाची किल्ली मिळवायला मला आणखी कोणाकोणाच्या पाया पडावं लागलं ते सांगत नाही. आत्या चर्चची टोपी, पायमोजे आणि पांढरे हातमोजे घालून आली. मी म्हटलं, आत्या, आत गोचीड आहेत, काटे आहेत. ती म्हणाली, "मोठ्या माणसांकडे जाताना नीट जावं."

आणि मग ती जागा सापडेना. आत्याच्या खुणा पन्नास वर्षांपूर्वीच्या. ती म्हणायची, मोठ्या ओकपासून डावीकडे. ओक कधीच तोडलेला होता. जिकडे तिकडे सरळ रांगेत लावलेले पाइन, एकसारखे. ती म्हणायची, तंबाखू वाळवायच्या कोठारामागे. कोठार नव्हतं. ल्यूशस एका हातात घडीची खुर्ची घेऊन मागे चालत होता, ती दहा पावलांवर बसायची आणि आम्हालाच रागवायची की तुम्ही लक्ष ठेवायला हवं होतं. मार्व्हा फोनमधला नकाशा फिरवत होती आणि फोन तिला परत परत रस्त्यावर जायला सांगत होता. माझ्या मानेवर काहीतरी चालत होतं. मी मनात म्हटलं, टेम्पीबाई, तू कोणाचीही अस, मला आता घरी जाऊ दे.

शेवटी होझियानेच हाक मारली; आईला इथे पुरलं तेव्हा तो लहान पोर होता, तरी जागा त्यालाच सापडली. तो आमच्यापासून वेगळा, पुढे गेला होता. पाइनच्या सुया बाजूला सारल्या होत्या आणि खाली निळ्या फुलांची ती वेल जमिनीलगत पसरली होती. आमच्याकडे दगड परवडायचा नाही तेव्हा कबरीवर ती लावायचे. ती मरत नाही. तिच्यात बसके खड्डे दिसत होते, माणसाच्या लांबीचे, रांगेने.

आत्याची खुर्ची तिथे मांडली. तिने हातमोजे काढले, घडी करून पर्समध्ये ठेवले.

"होझिया, तू इकडे उभा राहा, माझ्या बाजूला," ती म्हणाली. "मार्व्हा, तू म्हणतेस ते खरं आहे. यांचं आपलं रक्त जुळत नाही. जुळणार कसं? यांचं रक्त टेम्पीचं आहे. आपलं नाही."

लांब कुठेतरी ट्रक जात होता.

मग तिने सांगितलं. तिच्या शब्दांत ते जसंच्या तसं मला सांगता येणार नाही. ती मध्येच थांबायची, तिच्या आजोबांच्या आवाजात बोलायची, परत आपल्या आवाजात यायची.

टेम्पीला एकच मुलगा झाला होता. त्याचं नाव आयसम. भुवईवर भाजल्याचा डाग. लढाईच्या आदल्या वर्षी मालकाने त्याला एका व्यापाऱ्याला विकलं. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा. टेम्पी शेतात होती. संध्याकाळी घरी आली तर तो नव्हता. तिला एवढंच कळलं की गाडी दक्षिणेकडे गेली.

सुटका झाली त्यानंतरच्या वसंतात तिने एक गाठोडं बांधलं, व्हायनीला घराकडे बघायला सांगितलं आणि चालत निघाली. दक्षिणेकडे. तेव्हा रस्त्यांवर अशी पुष्कळ माणसं होती. कोणी बायको शोधतंय, कोणी आई. ती प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक चर्चपाशी उभी राहून हाक मारायची, आयसम म्हणून. साउथ कॅरोलायनात एका जळक्या रेल्वे स्टेशनापाशी सैनिकांची छावणी होती आणि तिथल्या चुलींभोवती बेवारस पोरं गोळा झाली होती. त्यांत एक पाच-सहा वर्षांचा. त्याची माणसं देवीच्या साथीत गेली होती. त्याने पाहिलं होतं की बाया येतात, नाव पुकारतात, आणि ज्याने ओ दिली त्याला घेऊन जातात. त्याचं नाव कोणीच पुकारत नव्हतं.

टेम्पी आली, तिने आयसम म्हणून हाक मारली. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी."

"आयसम तोपर्यंत बारा वर्षांचा झाला असता," आत्या म्हणाली. "आणि हे एवढंसं पोर. तिने त्याची भुवई बघितली. हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून बघितली. आजोबा म्हणायचे, ती इतका वेळ बघत होती की मला वाटलं आता मारणार. मग तिने विचारलं, जेवलास का?"

त्याने नाही म्हटलं. तिने गाठोड्यातली भाकरी दिली. आणि त्याचा हात धरून पुढे चालायला लागली. परत नाही फिरली, पुढेच. आणखी कितीतरी गावं. प्रत्येक ठिकाणी थांबून आयसमला हाक मारायची, आणि हा पोरगा तिचा हात धरून शेजारी उभा.

"तो म्हणायचा, ओझेला, दर हाकेला माझा जीव जायचा. वाटायचं, आता कोणीतरी ओ देईल. मी देवाकडे मागायचो की कोणी देऊ नको. कोणी दिली नाही. माझं मागणं त्याने ऐकलं आणि तिचं नाही ऐकलं, हे मला म्हातारा होईपर्यंत पुरलं."

मग एके दिवशी ती रस्त्यात थांबली आणि वळली. उत्तरेकडे तोंड केल्यावर तिने त्याला पहिल्यांदा विचारलं, तुझं खरं नाव काय. तो म्हणाला, गॅस्टन. ती म्हणाली, चल गॅस्टन, घरी.

एवढंच. घरी आल्यावर तिने सगळ्यांना हा माझा मुलगा असं सांगितलं. व्हायनीला माहीत होतं, तिने कधी तोंड उघडलं नाही, तिच्या लेकरांनाही सांगितलं नाही.

मार्व्हा एका पाइनला टेकून उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना, इतकी वर्षं तिच्यावर वैतागून असूनसुद्धा. ती म्हणाली, "मग आपण कोण?"

"आपण गॅस्टनचे," आत्या म्हणाली. "आणि गॅस्टन तिचा. हिशेब कळायला तुला मुख्याध्यापिका केलं ना?"

आता माझाही संयम सुटला. मी म्हटलं, "आत्या, तीन वर्षं मी तुझ्यामागे फिरतेय. दाताचा डॉक्टर, सॉसेज, खिडकीची जाळी. हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारत होतात तिचा बाप कोण, तिचा नवरा कोण. गॅस्टन तिला कसा मिळाला, असं कोणी विचारलं?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाली, "त्याने मला सांगितलं होतं, गरज पडली तर सांग. गंमत म्हणून सांगू नकोस. आता या पोराला तुम्ही घराबाहेर काढलंत, म्हणजे गरज पडली."

या पोराला म्हणजे होझियाला. तो सत्तरीचा आहे. तो मघापासून टोपी हातात घेऊन खाली वेलीकडे बघत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल आणि ते मार्व्हाला आयुष्यभर झोंबत राहील. त्याला तो हक्क होता. तो खोकला आणि म्हणाला, "त्या टी-शर्टांत मोठा आकार आहे का?"

ल्यूशसच्या हातून पाण्याची बाटली पडली. आत्या हसली नाही, पण तिने होझियाच्या मनगटावर हात ठेवला आणि घरी जाईपर्यंत काढला नाही.

मार्व्हाने माफी मागितली नाही. ते तिला जमत नाही. पण मेळाव्याच्या आदल्या दिवशी ती सकाळीच होझियाच्या अंगणात जाऊन कोबी चिरायला बसली. कोबी इतका जाड चिरला की होझियाच्या सुनेने तिच्या नकळत तो परत चिरला. दगड घडवणाऱ्याला मीच फोन केला, आणि नवीन मजकूर ठरवताना सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं. कोणाला बायबलमधली ओळ हवी होती, कोणाला क्रूस, चेरोकीवाल्या काकांना पीस हवं होतं. सगळं कापून शेवटी तीनच नावं ठेवली: टेम्पी, आयसम, गॅस्टन. आई आणि तिचे दोन मुलगे. दगड मेळाव्याला तयार झाला नाही तो नाहीच. पुढच्या वर्षी बसवू.

मेळाव्यात आत्याने मला उभं करून सगळ्यांना हे सांगायला लावलं. सगळ्यांनी ते मान्य केलं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आमच्या घराण्याला ओळखत नाही. दोन म्हाताऱ्या भावांनी ओझेलाचं डोकं आता ठिकाणावर नाही असं जाहीर केलं. काका म्हणाले, असेल, पण त्याने ती राजकन्या नव्हती असं कुठे सिद्ध होतं? एक पुतणी रडली. पुष्कळांनी जांभळे टी-शर्ट तसेच घातले होते, कारण दुसरे नव्हते. होझियालाही एक मिळाला. पोटावर ताणून बसला होता.

जेवणाआधी आमच्यात सगळ्यांत वयस्कर माणूस गॅस्टनच्या एकेका मुलाचं नाव घेतो आणि त्या त्या शाखेची माणसं उभी राहतात. आत्याने सगळी नावं घेतली, मग व्हायनीचं घेतलं, पेंडर उभे राहिले. सगळेच उभे होते, आता प्रार्थना होणार म्हणून लोकांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात तिने आणखी एक नाव घेतलं.

"आयसम."

ती थांबली. गर्दीकडे बघत राहिली. मैदानात डुकराचा धूर होता, कोलार्डच्या पालेभाजीच्या पातेल्यांवर माश्या घोंगावत होत्या. कोणी ओ देणारच नव्हतं, आम्हाला माहीत होतं. तरी मी मान वळवून मागे बघितलं. माझ्यासारखं पुष्कळांनी बघितलं. मग पाद्रीबुवांनी प्रार्थना सुरू केली आणि ती नेहमीसारखी लांबली.

मार्व्हा फिलाडेल्फियाला परत गेली तेव्हा मला वाटलं, संपलं. पुढच्याच सोमवारी फोन. साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि अलाबामा मिळून तिला शिरगणतीत त्या वयाचे बरेच आयसम सापडले होते. भुवईवर डाग आहे की नाही हे शिरगणतीत लिहीत नाहीत, म्हणून ती शिरगणतीवर चिडली होती. पेंडरांची तपासणी झालेली आहेच, म्हणाली, आयसमची माणसं कुठे असतील तर त्यांचं रक्त होझियाशी जुळेल. माझ्याशी नाही.

"तू काय करायचंस ते सांगते," ती म्हणाली. "कागद घे."

ल्यूशस अंगणात गेला होता. मी त्याला खिडकीतून हाक मारून सांगितलं की गॅसवर बटाटे आहेत, ते बघ. आणि खुर्ची ओढून बसले.